लख्ख दुपार

“एक वादळ घाला, बाई. बाकी कशालाही हात लावू नका.”

संपादकांनी हे इतक्या सहज सांगितलं, जसं काही भाजीत चिमूटभर मीठच घालायचं होतं. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत डोळ्यांवर चढवला. उभा जन्म शाळेत गणित शिकवण्यात गेलेला. न विचारलेलं लिहिणाऱ्यांचे गुण त्यांनी आयुष्यभर कापले होते. आता निवृत्तीनंतर पहिलीच कादंबरी लिहिली, तर दोन प्रकाशकांनी ती साभार परत केली. हा तिसरा. इथेही नन्नाचा पाढा निघाला, तर चौथं दार त्यांना ठाऊक नव्हतं.

टेबलावरच्या पुस्तकांच्या चळतींमागून संपादक पुढे झुकले. “नायिका मुलीला घेऊन घर सोडते, तेव्हा बाहेर काय आहे? ऊन! शेजारणीचे वाळत घातलेले कपडे! वाचकाच्या काळजाला हात कसा लागणार? विजा कडाडू द्या, झाडं उन्मळू द्या. मनात वादळ, बाहेर वादळ. आमच्या निवड समितीचं यावर एकमत आहे. एवढं करा, पुस्तक छपाईला गेलंच म्हणून समजा.”

“पण वादळ नव्हतं,” बाई म्हणाल्या.

“अहो, कादंबरी आहे ही. हवामान खातं थोडंच तपासायला येणार आहे?”

शेजारच्या खुर्चीतली बाईंची लेक मध्येच बोलली. आईचं किरट्या अक्षरातलं बाड तिनेच टाइप केलं होतं. “आई, असं काय करतेस? होतं की वादळ! मला वाटलं, तू विसरलीस. मी दोन ओळी घुसडणारच होते, पण तुझी भीती वाटली.”

संपादकांची कळी खुलली. घरचा साक्षीदार मिळाला होता.

“काय आठवतंय तुला?” बाईंनी विचारलं.

“सगळं. अंधारून आलं होतं. तुझी छत्री उलटी झाली आणि उडून गेली. रस्त्यावर इतकं पाणी होतं, की तू मला कडेवर घेतलंस.”

त्या दिवसाबद्दल मायलेकी कधी बोलल्याच नव्हत्या, आणि पोरीने रिकामी जागा परस्पर भरून टाकली होती.

“ती छत्री तुझ्या गोष्टीच्या पुस्तकातली,” बाई हळू आवाजात म्हणाल्या. “निळ्या पुठ्ठ्याचं होतं बघ. त्यातली मुलगी घर सोडते आणि वाऱ्याने तिची छत्री उलटी होते. रोज झोपताना तेच वाचायला लावायचीस. आपण निघालो, तेव्हा रणरणतं ऊन होतं. तुझ्या चपला घरीच राहिल्या. डांबर तापलेलं, पाय भाजायला लागले म्हणून तू रडायला लागलीस. म्हणून कडेवर घेतलं.”

लेकीने टेबलाखाली नकळत पाय आखडून घेतले.

“मावशीकडे पोचल्यावर तिने माझे पाय बादलीत बुडवले होते,” ती म्हणाली. “मला वाटायचं, चिखल धुवायला.”

“फोड आले होते तुला.”

संपादक गडबडले. त्यांनी बाडाची पानं चाळली. कादंबरीतल्या नवऱ्याने कधी आवाज चढवला नव्हता. तो बायकोशी बोलतच नसे. ‘तुझ्या आईला सांग, भाजी खारट झालीय,’ असे निरोप तो लेकीकडे देई, आणि हळूहळू बायकोही तसेच निरोप धाडू लागली. भांड्याला भांडं म्हणून लागत नव्हतं. शेजारणी तिचा हेवा करत. मग एका दुपारी मुलगी भातुकली खेळत होती. बाहुलीने बाहुल्याला जेवायला बोलावलं, पण थेट नाही. दोघांच्या मध्ये एक कापडी अस्वल बसवलेलं होतं. ‘बाबांना सांग, जेवायला या,’ बाहुली अस्वलाला म्हणाली. आईने गॅस बंद केला आणि मुलीचा हात धरला.

“तो खेळ मला आठवत नाही,” लेक उघड्या पानाकडे बघत पुटपुटली.

“मला आठवतो.” बाईंचा आवाज आता वर्गातल्यासारखा खणखणीत झाला. “हे बघा साहेब, पुस्तकांनी माझ्या लेकीला एक वादळ देऊन ठेवलंय. दुसरं मी देणार नाही. छापायचं तर असंच छापा. नाहीतर राहू दे माझ्या कपाटात.”

त्यांनी बाड ओढून घेतलं, पिशवीत घातलं आणि त्या उठल्या. आपल्या हाताने आपल्याच पुस्तकाचं दार लावून घेतोय, हे त्यांना कळत होतं. तरी त्यांनी पिशवी खांद्याला लावली.

संपादकांनी पिशवीचा बंद धरला. “बसा, बसा. मी भांडतो समितीशी. पण तिथे मला एकच गोष्ट विचारतील. इतकं लख्ख ऊन, इतकं शांत घर. मग ही बाई निघालीच का? मी काय सांगू त्यांना?”

लेकही आईकडेच बघत होती. तिलाही तेच विचारायचं होतं. इतकी वर्षं तिच्याकडे त्याचं आयतं उत्तर होतं, ते आज हातातून गेलं होतं.

बाईंनी तिच्याकडे बघूनच उत्तर दिलं.

“त्यांना सांगा, वादळ असतं तर मी थांबले असते. वादळ कधीतरी ओसरतं.”