मंदाची वाटी

मंदाचं सुतक फिटलं त्या सकाळी श्रीरंगराव दाढीला बसले. डावा गाल झाला तशी खाज सुटली, म्हणून त्यांनी सवयीने विरजणाची वाटी उघडली. आत एकही बुडबुडा नव्हता. विरजण मेलं होतं.

दाढीनंतर लावायचं हे जिवंत जंतूंचं विरजण आता घरोघरी असे. लग्नात नवऱ्याच्या गालावरचे आणि बायकोच्या तळहातावरचे जंतू एकत्र विरजून देत, आणि ते त्या नवऱ्याच्याच कातडीला मानवे. त्याला रोज दूध लागे. ते मंदा घालायची. सुतकात दाढी नव्हती, त्यामुळे वाटीची आठवण कुणालाच झाली नाही.

गाल खाजवत श्रीरंगराव शेजारी कोरफड मागायला गेले. शिंगणेवहिनींनी दार उघडलं आणि त्यांना हसू आवरेना.

"अहो भाऊजी, अर्धीच दाढी? आणि कोरफड कशाला? तुमचं विरजण आहे की माझ्याकडे!"

"आमचं?"

"मंदाताई दर संक्रांतीला वाणाबरोबर चमचाभर ठेवून जायच्या. म्हणायच्या, आमचे हे एक दिवस वाटी मारणारच. मी रोज दूध घालते हो."

वहिनींनी आणलेली वाटी चांगली फसफसत होती. श्रीरंगरावांनी बोटभर घेऊन गालाला लावलं.

"थांबली! वहिनी, खाज थांबली! जिवंत आहे हो!"

वाटी छातीशी धरून ते घरी पळाले आणि त्यांनी आधी तिच्यात दूध घातलं.

उजव्या गालाची दाढी अजून राहिली होती.