घडाघडा

"एकही पालक वाचत नाही," रंजिता मॅडम स्टाफरूममध्ये फोन नाचवत म्हणाल्या. वर्ष संपत आलं म्हणून दुसरीच्या सगळ्या पालकांना त्यांनी मुलांची प्रगती कळवली होती. मजकूर एकच, नाव तेवढं बदललेलं: 'आता घडाघडा वाचतो, वर्गात छान रमतो.' उत्तर म्हणून नुसते अंगठे आणि जोडलेले हात. "यांना पोरांचं काही पडलेलंच नाही."

तेवढ्यात फहादच्या आईचा, मुबीनाचा, व्हॉइस मेसेज आला. हसायला काहीतरी मिळेल म्हणून मॅडमनी तो सगळ्यांना ऐकवला.

"शुक्रिया मॅडम. पण फहादला आम्ही दिवाळीतच उलव्याच्या शाळेत घातलंय. तिकडच्या मॅडमनी पण मघाशी सेम हेच पाठवलं. दोन्ही मेसेज तो मला वाचून दाखवतोय, एकेक अक्षर जोडत."