डाव्या डोळ्याचं पाणी

चहा झाला तसे उकंडराव आतल्या दाराकडे पाहून म्हणाले, "पोरीले आना भायेर."

तुळशीरामच्या ओसरीत सतरंजीवर दोन्हीकडची माणसं बसली होती. एका बाजूला जावई देवानंद, इस्त्रीच्या शर्टात, मान खाली घालून. त्याच्या शेजारी त्याची आई. तिच्या मांडीवर पिशवी, पिशवीत हिरवी साडी, नारळ, तांदूळ. बैठकीचा निकाल त्या बाई चिखलीहून निघतानाच ठरवून आल्या होत्या. दिवाळीपासून माहेरी येऊन बसलेल्या सुनेची ओटी भरायची आणि संध्याकाळच्या एसटीने तिला घेऊन जायचं.

पोरीला तोंडाने विचारायची या सोयऱ्यांत रीत नव्हती. बोलायचं ते पुरुषांनी बोलून घ्यायचं. शेवटी पोरीला दारात उभं करायचं आणि तिच्या डोळ्यांकडे पाहायचं. पाणी आलं, की संसाराची ओढ आहे असं समजायचं. उकंडरावांनी अशी बरीच बिघडलेली घरं जोडून दिली होती, निदान ते तसं सांगत. त्यात हे लग्न त्यांनीच जुळवलेलं. ते मोडणं त्यांच्या मिशांना परवडणारं नव्हतं.

अनुपमा दारात येऊन उभी राहिली. कुणाला काही कळायच्या आत तिच्या डाव्या डोळ्यातून पाणी ओघळलं आणि गालावरून हनुवटीपर्यंत आलं.

"पाहा," उकंडराव समाधानाने म्हणाले. "लेकरू रडून राह्यलं. आता अजून काय पाह्यजे? भरा ओटी."

सासूने पिशवीत हात घातला. तुळशीरामने खांद्यावरच्या रुमालाने तोंड पुसलं. बापाला सुटल्यासारखं वाटलेलं अनुपमाला दिसलं आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. मागून आईने, अन्नपूर्णाबाईने, तिचा गाल टिपायला पदर पुढे केला. अनुपमाने आईचा हात धरून खाली केला.

"मी रडून नाई राह्यली, मामा."

"बरं बाई, नाई रडली. चाल, बस पाटावर."

"पह्यले ऐकून घ्या. हा डोळा दिवसभर असाच गळते. भाकरी टाकताना गळते, टीव्ही पाहताना गळते. सकाळी उशी ओली राह्यते. बुलढान्याले डॉक्टरले दाखवला."

"धूळ गेली असंल," असं म्हणत सासूने नारळ बाहेर काढला.

"धूळ नाई. डोळ्यात पानी तं सगळ्यायच्याच तयार होते, वरच्या पापनीच्या आत. पापनी मिटली का डोळाभर पसरते. मंग इथं कोपऱ्यात बारीक भोक असते, तिथून नाकात उतरते. तुमचंबी आता उतरून राह्यलं, मामा. दिसत नाई, एवढंच. डॉक्टरनं दोन्हीकून मिठाचं पानी सोडून पाह्यलं. उजवीकडचं घशात उतरलं, खारट लागलं. डावीकडचं गालावर वापस आलं."

तिने नाकाच्या मुळाशी बोट ठेवलं. तिथलं हाड जरा बसकं होतं. जवळून पाहिल्याशिवाय ते कळलं नसतं, आणि ओसरीत बसलेल्यांपैकी जवळून कुणी पाहिलंच नव्हतं.

"हे हाड मोडलं तवा पान्याची वाट बुजली."

"बाथरूममधी पडली होती ते," देवानंद म्हणाला. सकाळपासूनचं त्याचं हे पहिलं वाक्य, आणि तेसुद्धा सतरंजीला उद्देशून.

डॉक्टरांनाही हेच सांगण्यात आलं होतं. त्यांनी विचारलं अनुपमाला, आणि उत्तर दिलं अन्नपूर्णाबाईने. घरातलं घरात राहावं, पोरीला उद्या त्याच घरी जायचं आहे, या विचाराने.

अनुपमाने मागे वळून पाहिलं. "आई, तू सांग. मी कुठं पडली?"

अन्नपूर्णाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग तिने ते सोडलं.

"पडली नाई माही पोरगी," ती म्हणाली. "जावयानं मारलं. डॉक्टरपाशी मी खोटी बोलली."

तुळशीरामने मान वळवून बायकोकडे पाहिलं. त्यालासुद्धा ती बाथरूमचंच सांगत आली होती.

"नवरा-बायकोत होते कवामवा," देवानंदची आई म्हणाली. "म्हनून काय घर मोडतेत?" नारळ अजून तिच्या हातातच होता.

उकंडरावांनी घसा खाकरला. एवढ्या वर्षांची सवय एका दुपारीत थोडीच सुटते. "अवं, पन पानी तं आलं ना डोळ्यातून," ते म्हणाले. "आम्ही आपलं तेच पाह्यतो. माया असल्याबिगर येते का ते?"

अनुपमा ओसरीत उतरली आणि त्यांच्यासमोर मांडी घालून बसली, तोंड उजेडाकडे करून. डाव्या गालावरचं पाणी हनुवटीवरून सतरंजीवर टपकलं. तिने ते पुसलं नाही.

"रडू आलं तं दोन्ही डोळ्यायतून येते, मामा. तुमाले माह्या डोळ्यातच पाह्याचं हाये ना? मंग या उजव्या डोळ्यात पाहा. माहा जवाब तिथं हाये."

आता चष्मा लावल्याशिवाय उकंडरावांना गत्यंतर नव्हतं. ते पुढे वाकले. उजवा डोळा कोरडा ठाक होता, आणि तो देवानंदवरून हलत नव्हता.