अवोकाडोच्या झाडाखाली

येल्ले नावाच्या त्या डच पोराकडून ओडिलियाला मिळण्यासारखं फार नव्हतं. रोज चार तास स्पॅनिश शिकवण्याची मजुरी, तीही एका आठवड्यापुरती. शनिवारी तो पाठपिशवी उचलून सरोवराकडे निघणार होता, कारण तिकडे म्हणे खाटेचं भाडं निम्मं. तरीही ओडिलियाने आपल्या वाट्याला आलेली, घसघशीत बक्षिशी देणारी कॅनडाची बाई शाळेतल्या दुसऱ्या शिक्षकाला, फुल्हेन्सियोला, देऊन टाकली आणि बदल्यात हा झिजलेल्या चपलांचा विद्यार्थी मागून घेतला.

"काय गं, प्रेमात पडलीस की काय?" फुल्हेन्सियोने शेजारच्या टेबलावरून विचारलं.

"गरिबाला शिकवलेलं देव बघतो."

"मग माझ्या कॅनडावालीकडे त्याने पाठ केली म्हणायची," तो म्हणाला आणि खूश होऊन खुर्ची पुसू लागला.

खरं कारण वेगळं होतं. शाळा आपल्या विद्यार्थ्यांना गावातल्या घरांमध्ये उतरवते, खोली आणि जेवणासकट; विद्यार्थ्याने भरलेले त्याचे पैसे घरवालीला आगाऊ मिळतात. येल्लेच्या चिठ्ठीवर जे घर होतं, ते ओडिलियाचं माहेर. ट्रकवाल्याशी लग्न केलं तेव्हा आईने, डोन्या त्रान्सितोने, तिला सांगितलं होतं की पुन्हा या दारात दिसू नकोस. दोघीही शब्दाच्या पक्क्या निघाल्या. धाकटी हर्लिंदा आईपाशी राहिली. बाजारात समोर आलीच तर ती टोमॅटो निवडायला वाकायची. आई आता थकली आहे, चर्चलाही येत नाही, एवढंच ओडिलियाच्या कानावर आलं होतं. ती आपलं नाव तरी काढते का, हे तिला कळायला हवं होतं. कळल्याशिवाय दार वाजवायची हिंमत नव्हती.

अँटिग्वातल्या या शाळांची रीत सोपी. अंगणात छोटी छोटी टेबलं, एका टेबलाला एक शिक्षक आणि एक विद्यार्थी; शिक्षिका असली तर तिला म्हणायचं सेन्यो. सकाळी पहिला प्रश्न ठरलेला: काल घरी काय झालं? भूतकाळाचा सराव होतो, आणि गावात कुणाकडे काय शिजलं, कोण कुणावर खेकसलं, हे शिक्षकांना पाद्र्याच्या आधी कळतं.

येल्लेपाशी शब्द मूठभर. एवढ्या भांडवलावर माणसाला खोटं बोलता येत नाही, हा ओडिलियाचा इतक्या वर्षांचा अनुभव.

"काल घरी म्हाताऱ्या बाई होत्या का?" तिने विचारलं.

येल्लेने हातावरचे ढेकणांचे चावे खाजवले. "हो, सेन्यो. बसल्या. झाड. लिंबू."

"लिंबू नाही. अवोकाडो."

"अवोकाडो." त्याने निमूट लिहून घेतलं.

"आणि वेणी?" वेणी म्हणजे काय ते त्याला ठाऊक नव्हतं. तिने पाठीवरून हात फिरवून दाखवलं.

"हो. वेणी. पांढरी."

सुट्टीत ओडिलियाने त्याला स्वतःच्या पैशांनी गोड पाव घेतला. त्याने तो दोन घासांत संपवला आणि तिच्या पावाकडे पाहिलं. हर्लिंदा बदलली नाही, ओडिलियाच्या मनात आलं. गादी ढेकणांची, आणि नाश्ताही मोजून मापून.

रोज थोडं थोडं हाती येऊ लागलं. आई कमी जेवते. आईचे गुडघे दुखतात. तोच ना, उजवा? हो सेन्यो, उजवा. आईला केळ्याचे गोड वडे आवडतात, आत काळा घेवडा भरलेले. हर्लिंदा करत नाही वाटतं? नाही, करत नाही. बातमी चांगली असली की पाव, फारच चांगली असली की पावावर चीज. रात्री ओडिलियाला झोप लागत नव्हती. ती स्वयंपाकघरात उगाच भांडी हलवत राहायची आणि नवरा विचारायचा की काय शोधतेस.

शुक्रवारी, शेवटच्या तासाला, तिला राहवलं नाही.

"त्या कुणाची आठवण काढतात?"

येल्लेने तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. चेहरे वाचायला शब्द लागत नाहीत.

"मुलगी," तो सावकाश म्हणाला. "मोठी. वाट बघतात. म्हणाल्या, का येत नाही?"

त्या दिवशी तिने त्याला पोटभर जेवू घातलं.

शनिवारी दुपारी, पोराची बस सुटून गेल्यावर, ओडिलियाने वड्यांचं ताट फडक्याने झाकलं. दोनदा कोपऱ्यावरून परत फिरली. मग दार वाजवलं. हर्लिंदाने उघडलं आणि तशीच उभी राहिली. ओडिलिया तिच्या बाजूने आत शिरली.

आई चुलीजवळ बसली होती, डोक्यावरून शाल ओढून. तिने मान वर केली.

"तुला कोणी बोलावलं?"

तोच जुना खवचटपणा. ओडिलियाला हसू आलं, डोळेही भरले. तिने ताट आईच्या मांडीवर ठेवलं, शेजारी जमिनीवर बसून तिचा उजवा गुडघा चेपू लागली. आईने फडकं बाजूला केलं, एक वडा उचलला आणि खाल्ला. पाय काढून घेतला नाही.

बऱ्याच वेळाने ओडिलियाने मागच्या दारातून अंगणात पाहिलं. धुण्याची दगडी टाकी होती, दोरीवर चादरी होत्या.

"झाड कुठे गेलं गं?"

"कुठलं?" हर्लिंदा म्हणाली. "अवोकाडो? तू गेलीस त्याच्या पुढच्याच पावसाळ्यात आडवं झालं."

"पण येल्ले म्हणाला..."

हर्लिंदाचा चेहरा उतरला. ती जवळ आली आणि आवाज खाली आणला. "त्या डच पोराने सांगितलं होय तुला? शाळेत बोलू नकोस बाई, मला पुन्हा विद्यार्थी देणार नाहीत. सोमवारी दारातच उभा राहिला, बोटांवर हिशेब दाखवला. अर्धे पैसे परत द्या, मी हॉस्टेलच्या खाटेवर झोपतो. अर्धे त्याने नेले, अर्धे मला राहिले. उंबऱ्याच्या आत पाऊलसुद्धा टाकलं नाही त्याने. पैसे त्याचेच, त्यात बुडालं कुणाचं?"

ओडिलियाचा हात गुडघ्यावर थांबला.

आईने दुसरा वडा संपवला, बोटं शालीला पुसली.

"मी काय विचारलं?" ती म्हणाली. "तुला कोणी बोलावलं?"