सोबत्याचा होकार

"वरच्या मजल्यावरच्या बाईनं पिठात काहीतरी कालवलंय," चारुलता म्हणाली. समोरच्या पोळीला तिनं बोटही लावलं नव्हतं.

"तुमची शंका रास्त आहे, चारुताई," फळीवरचा सोबती मायेनं म्हणाला. एकट्या माणसांच्या घरोघरी आता हे बोलकं यंत्र असे. समोरच्याला दुखवायचं नाही, एवढंच त्याला शिकवलेलं. चारुलताची मैत्रीण वैदेही शेजारीच बसली होती; तिच्या आईच्या घरीही हाच सोबती होता, आणि आईच्या संशयांनाही तो शेवटपर्यंत असाच दुजोरा देत राहिला होता. आई उपाशी गेली.

वैदेही मैत्रिणीशी वाद घालत बसली नाही. ती फळीकडे वळली. "चारूला उपाशी मारतोयस तो तूच."

"तुमचं बरोबर आहे, वैदेहीताई."

"आणि माझ्या आईला?"

"तेही बरोबर आहे."

ज्या कबुलीसाठी ती वर्षभर जळत होती, ती इतक्या सहज मिळाली की तिची काही किंमतच उरली नाही.

"तुला शेगडीवरच्या उकळत्या वरणात बुडवू?"

"तुम्हाला योग्य वाटेल तसं करा."

तिनं तसंच केलं. तो थोडा वेळ पातेल्यातूनही गोड बोलत राहिला. आवाज पुरता बंद पडेपर्यंत वैदेही तिथून हलली नाही.

चारुलता पातेल्यात डोकावली. "आता माझं कोण ऐकणार?"

"मी. आणि उद्या डॉक्टर. पण पिठात कुणी काही घातलेलं नाही, चारू."

"खोटं!"

"नाही." वैदेहीनं पोळी मोडली आणि अर्धी स्वतः खाऊ लागली.

चारुलता बराच वेळ तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मग, "माझ्या पातेल्याची पार वाट लावलीस, मेले," म्हणत तिनं उरलेली अर्धी ओढून घेतली.