घरची प्रत

नवऱ्याच्या ऑफिसातली नवी टायपिस्ट तरुण नव्हती, हे पाहून तिचा राग आणखीच वाढला. तरुण असती तर नवऱ्याला वेडा ठरवून मोकळं होता आलं असतं. पण ही तिच्याच वयाची, केस पिकलेली, पाठ ताठ ठेवून बसणारी बाई होती. म्हणजे नवरा हिच्याकडे शुद्ध भाषेसाठीच येत होता. आणि तो प्रांत तर तिचा स्वतःचा होता.

"साहेब पाहणीला गेलेत, वहिनी. बसा ना," टायपिस्ट म्हणाली.

नवऱ्याचा विसरलेला चष्मा टेबलावर ठेवून ती बसली. चष्मा हे निमित्त होतं. ऑफिसात त्याचा दुसरा होताच.

ती छापखान्यात मुद्रितशोधक होती आणि नवरा पाणीपुरवठा खात्यात इंजिनिअर. लग्नानंतर त्याचा पहिला अहवाल तिने वाचला, तेव्हा कर्ता एका पानावर आणि क्रियापद दुसऱ्या पानावर होतं. तेव्हापासून जेवणं झाली की तो टाईप केलेला मसुदा मोठ्याने वाचायचा आणि ती लाल पेन घेऊन शेजारी बसायची. "सदर गळती गळत असल्याचे आढळून आले," तो वाचायचा. "अहो, गळती कशी गळेल? पाणी गळतं!" ती खेकसायची. "बरं, मग पाण्यावरच ठपका ठेवू," तो म्हणायचा, आणि दोघं हसत सुटायची. मुलं आपापल्या संसाराला लागली, घर मुकं झालं, तरी ही बैठक चुकली नाही. एरवी दिवसभरात त्यांचं बोलणं दूध आणि किल्ल्यांपुरतंच असायचं.

मग जुने टायपिस्टकाका निवृत्त झाले, ही बाई आली आणि मसुदे घरी येणं बंद झालं. "आता ऑफिसातच होतं सगळं," एवढंच तो म्हणाला आणि टीव्ही लावून बसला. एकदा त्याच्या बॅगेतला अहवाल तिने चोरून वाचला. चूक शोधून शोधून डोळे दुखले. एक अनुस्वारसुद्धा इकडचा तिकडे नव्हता. त्या स्वच्छ पानांनी तिच्या अंगाची लाहीलाही झाली. तिला रडूही आलं. इतकी वर्षं मेहनत घेतली तिने, आणि फळ या बाईच्या पदरात!

"भाषा चांगली आहे हो तुमची," ती टायपिस्टला म्हणाली. आवाजात साखर कमी, लिंबूच जास्त. "हल्ली ह्यांचं लिखाण तुम्हीच सुधारता वाटतं?"

"मी?" टायपिस्टचे हात थांबले. "मी काय सुधारणार? साहेबांच्या हस्ताक्षरातच सगळं चोख असतं. मी नुसतं उतरवते."

"काहीतरीच काय! काकांच्या वेळी पानापानावर चुका असायच्या. मी स्वतः काढल्यात."

टायपिस्टने दाराकडे पाहिलं आणि खुर्ची जवळ ओढली.

"तुम्हाला म्हणून सांगते, वहिनी. त्या चुका काकाच घालून द्यायचे. घरी न्यायची प्रत वेगळी निघायची, मुद्दाम बिघडवलेली. मी आले तेव्हा साहेबांनी मलाही विचारलं. मी हात जोडले. म्हटलं, जाणूनबुजून अशुद्ध लिहायला माझी बोटं वळायची नाहीत. तुम्हीच घाला की चार चुका."

"मग?" तिचा आवाज एकदम बारीक झाला.

"म्हणाले, 'बसून पाहिलं हो, आता जमतच नाहीत. बायकोने एक चूक शिल्लक ठेवली नाही. आणि चुका नसल्या, तर ती माझ्याजवळ येऊन बसेल कशाला?'"