रविवारची कुस्ती

माझे वडील, आबा, जुने पैलवान. दर रविवारी दुपारी खाटेवर बसून म्हणायचे, "दिग्विजय, आज तरी कुस्ती लाव की रं." "पुढच्या रविवारी," म्हणत मी पिक्चर लावायचो.

त्यांच्या तेराव्यानंतरच्या रविवारीही पिक्चरच लावला. रिकाम्या खाटेवरून शड्डू ठोकल्याचा आवाज आला. मांडीवर पंजा आपटावा तसा. पुन्हा आला.

स्वयंपाकघरातून माझी बायको सोनिया म्हणाली, "कुस्ती लावली व्हय? आबा हुते तवा कवा लावली न्हाई तुमी."

मान खाली घालून मी कुस्ती लावली. आवाज थांबला. हायसं वाटलं.

टीव्हीवर दोन पैलवानांनी रीतीप्रमाणे एकमेकांच्या खांद्यावर आखाड्यातली माती टाकली.

माझ्याही खांद्यावर मूठभर पडली. आणि पंजा तिथंच राहिला.